गिटारची जवारी

बाराव्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या बाराव्या पडद्यावर, मी रुपयाचं नाणं आडवं ठेवलं आणि जाड तारेखालून सरकवलं. गेलं. त्यावर दुसरं ठेवून जोडी सरकवली. तीही तारेला धक्का न लावता गेली. तिसरं मात्र अडलं. हल्लीचं रुपयाचं नाणं साधारण दीड मिलिमीटर जाड असतं, म्हणजे तार फ्रेटपासून तीन मिलिमीटरहून वर होती. शाळेत गणित शिकवत असल्यामुळे कंपासपेटी हाताशीच असते. पण कंपासपेटीतल्या पट्टीचं शून्य काठापासून सुरू होत नाही, जरा आत असतं. म्हणून तिचं टोक शून्याच्या रेघेपर्यंत घासून घेतलं आणि पट्टी फ्रेटवर उभी धरली. बरोबर चार मिलिमीटर.

तोवर नवी गिटार घ्यायची हे माझं जवळजवळ पक्कं झालं होतं. जुनी सात वर्षांची, साडेचार हजारांची. एफ कॉर्ड धरली की सहापैकी दोन तारा मुक्या राहायच्या, अर्ध्या तासात बोटांची टोकं हुळहुळायची आणि वरच्या फ्रेटवर गेलं की सूर बेसूर व्हायचा. रात्री फोनवर बावीस हजारांची एक गिटार मी इतक्या वेळा पाहिली होती की तिच्या लाकडावरच्या रेघा पाठ झाल्या होत्या. 'हप्ता सोपा आहे' असं घरात सांगितल्यावर बायकोनं एवढंच विचारलं, "अहो, पण हिला झालंय काय?"

मला उत्तर देता येईना. त्यातून ही नाण्यांची मोजणी सुरू झाली.

आमचं जळकोट सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, नळदुर्ग ओलांडून उमरग्याकडे निघालं की लागतं. लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं जळकोट वेगळं. कुरिअरवाल्यांची या दोन गावांत गल्लत होते, तारांचं एक पाकीट तिकडं फिरून माझ्याकडं पोचायला अकरा दिवस लागले होते. गिटार हातात घेऊन पाहायची तर सोलापूर गाठायचं, नाहीतर फोनवर फोटो पाहून मागवायची. आमच्यासारख्या गावांतले बहुतेक हौशी वादक दुसराच रस्ता धरतात. आलेली गिटार जशी येते तशीच वाजवतात, दोन-तीन वर्षांनी कंटाळतात आणि एकतर ती माळ्यावर टाकतात किंवा नवी घेतात. मधे एक तिसरी पायरी असते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

सतार किंवा तंबोरा वाजवणाऱ्याला मात्र ती पायरी पहिल्या वर्षापासून माहीत असते. तिला जवारी म्हणतात. आमच्याकडं जवारी म्हटलं की आधी शेत दिसतं, म्हणून सांगतो. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट दिसला तरी सपाट नसतो, त्याला अगदी हलका उतार दिलेला असतो. तार त्या उतारावर घासत थरथरते आणि तंबोऱ्याचा तो भरलेला, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा नाद उठतो. वाजवून वाजवून तारेखाली बारीक चरे पडतात, उतार बिघडतो, आवाज बसतो. मग कारागीर घोडी कानशीनं घासतो, तार लावून ऐकतो, परत घासतो. याला जवारी काढणं म्हणतात. तंबोरा बसल्यासारखा वाजू लागला म्हणून कुणी नवा तंबोरा आणायला धावत नाही, आधी जवारी काढून घेतो.

ही विद्या महाराष्ट्रात मिरजेत मुरली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शस्त्रांचं काम करणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले आणि तिथून मिरजेच्या सतारमेकरांची परंपरा सुरू झाली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, आणि त्यांचा स्वतःचा हातही वाद्यदुरुस्तीत चालायचा म्हणतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. या वाद्यांचे मोठे भोपळे आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकतात. म्हणजे जवारी आणि भोपळा या दोन्ही गोष्टी आमच्याच टापूच्या. तरी गिटारच्या बाबतीत आम्ही हे सगळं विसरतो, कारण गिटार खोक्यातून येते आणि खोक्यातून आलेली वस्तू बिघडली की बदलायची, दुरुस्त करायची नाही, हे फोननं आपल्या अंगवळणी पाडलंय.

गिटारच्या जवारीला सेटअप म्हणतात. तो का लागतो, हे एका आकड्यावरून कळतं. लोखंडी तारांच्या गिटारवर सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा मिळून ताण ६० ते ७० किलोच्या आसपास जातो. जवळपास दीड पोतं सिमेंट. ते वजन एका बाजूला लाकडी मान ओढतं आणि दुसऱ्या बाजूला तीन मिलिमीटरच्या आसपास जाड असलेला वरचा तक्ता. सात वर्षं, रात्रंदिवस. मान कणाकणानं पुढं वाकते, ब्रिजमागचा, म्हणजे गिटारच्या घोडीमागचा, तक्ता फुगतो आणि तार फ्रेटपासून उंच जाते. या उंचीला ॲक्शन म्हणतात. हे इतकं सावकाश होतं की वाजवणाऱ्याला गिटार बदलल्याचं जाणवत नाही. आपलीच बोटं कच्ची, असं वाटत राहतं.

उंच तारेचा दुसरा उपद्रव कानाला होतो. तार दाबताना ती जितकी खाली न्यावी लागते तितकी ताणली जाते, आणि ताणलेली तार चढा सूर देते. फ्रेटच्या जागा हिशोबानं ठरलेल्या असतात. प्रत्येक फ्रेटला सूर १.०५९४६ पटीनं चढतो, कारण या आकड्याचा स्वतःशी बारा वेळा गुणाकार केला की दोन येतात, आणि दुप्पट म्हणजे वरचा सा. (नववीच्या वर्गाला घातांक शिकवताना मी हे उदाहरण देतो. चार पोरं जागी होतात, ते पुष्कळ झालं.) त्या हिशोबात तुमच्या बोटाचा जादा ताण थोडासाच धरलेला असतो. ॲक्शन चार मिलिमीटर असेल तर गिटार मोकळ्या तारांवर सुरात आणि वर चढलं की बेसुरी. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, सरकवता येतात. गिटारचे फ्रेट लाकडात ठोकलेले. जे दुरुस्त करायचं ते तारेच्या दोन टोकांना आणि मानेत.

माझी गिटार तपासायला मला एक रविवार लागला.

आधी तारा. दोन वर्षांच्या त्याच तारा होत्या. पातळ तारेवर बोट फिरवलं तर काळं लागलं, जाड तारांच्या वेढ्यांमध्ये घाम आणि धूळ घट्ट बसलेली. गंजलेली तार सगळीकडे सारखी जाड राहत नाही, मग ती स्वतःशीच भांडते आणि ट्यूनर ॲपचा काटा जागेवर ठरत नाही. नव्या गिटारच्या आवाजानं आपण भाळतो तेव्हा त्यातला निम्मा भाग नव्या तारांचा असतो, असं माझं मत झालंय. साडेपाचशे रुपयांत जुन्या गिटारवर तो आवाज ऐकता येतो, म्हणून बावीस हजारांआधी हे साडेपाचशे खर्च करावेत. जमलं तर तारा जरा पातळ घ्याव्यात. पहिल्या तारेची जाडी बाराऐवजी दहाची घेतली की एकूण ताण दहा-बारा किलोनं तरी उतरतो. मानही सुटकेचा श्वास घेते आणि बोटंही.

मग मान. एकाच तारेला पहिल्या फ्रेटवर डाव्या हाताचं बोट आणि चौदाव्यावर उजव्या हाताचं दाबायचं. आता तार म्हणजे ताणलेली सरळ रेघ झाली. सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी तिच्याखाली एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं. माझ्याकडं तीन कार्डं सरकली. मानेच्या पोटात पोलादी सळी असते, ट्रस रॉड. गिब्सन कंपनीनं १९२३ साली तिचं पेटंट घेतलं, पुढं लोखंडी तारांच्या गिटारला ती जवळजवळ सगळीकडे आली. तारा मान पुढं ओढतात, सळी तिला मागं खेचते. ती आवळायला षटकोनी ॲलन की लागते. माझी हरवलेली होती, पण महामार्गावरच्या गॅरेजमध्ये सगळ्या मापांच्या कींचा पंखा असतो. गॅरेजवाल्यानं गिटार उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "सर, बोल्ट हाय म्हणा की सरळ." एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग तारा परत सुरात लावायच्या, रात्रभर ठेवायचं, सकाळी मोजायचं. दोन पाव फेऱ्यांत मान सरळ झाली आणि चाराचे साडेतीन झाले. जोर लावावा लागला तर थांबायचं. सळी तुटली की गिटार संपली.

नंतर नट, म्हणजे खुंट्यांकडच्या बाजूची ती पांढरी पट्टी. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे तार दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते पाहायचं. कागदाएवढी उरावी. माझ्या गिटारवर तिथं नखाएवढी फट होती, आणि ती सात वर्षांत झालेली नव्हती, पहिल्या दिवसापासून होती. एफ कॉर्ड का येत नव्हती ते तेव्हा कळलं. पहिल्याच फ्रेटवर सहा तारा एका बोटानं दाबायच्या आणि नेमक्या तिथंच त्या सगळ्यांत कडक. स्वस्त गिटारमध्ये पैसे लाकडात वाचवतात असं आपण धरतो. मला वाटतं, त्याहून जास्त हाताच्या कामात वाचवतात. नटमधल्या सहा खाचा सहा जाडींच्या कानशींनी, ऐकत ऐकत खोल कराव्या लागतात. एखादी केसभर जास्त खोल गेली तर तार झणझणते आणि गिटार परत येते, म्हणून कारखान्यात खाचा उथळच ठेवतात. हे काम मी सोलापूरच्या कारागिराकडून करून घेतलं. सहाशे रुपये आणि एसटीचं भाडं.

उरली दुसरी बाजू. ब्रिजमधली ती छोटी पट्टी, सॅडल. इथं नववीची भूमिती कामाला येते. बारावा फ्रेट नट आणि सॅडलच्या जवळजवळ मध्यावर असतो. म्हणून तिथं तार एक मिलिमीटर उतरवायची असेल तर सॅडल दोन मिलिमीटर घासावी लागते, समरूप त्रिकोण. मला साडेतीनवरून अडीचवर यायचं होतं. सॅडलवर पेन्सिलीनं दोन मिलिमीटरची रेघ मारली आणि पॉलिश पेपर घेऊन घासायला बसणार तेवढ्यात शेजारच्या सुतारमामांनी हात धरला. "कागद हातात नका धरू सर. काचेवर चिकटवा आन् पट्टी त्याच्यावर फिरवा." हातातल्या कागदावर पट्टीची कडा गोल होते, मग ती खाचेत नीट टेकत नाही आणि आवाज मरतो. जुन्या आरशावर कागद चिकटवून, एकाच दिशेनं, वीस मिनिटं घासली. खालच्या बाजूनं, वरच्या नाही.

तारा चढवल्या, एफ धरली. सहाही वाजल्या. खर्चाची बेरीज साडेअकराशे आणि प्रवास.

यावरून नवी गिटार कधीच घेऊ नये असा अर्थ कुणी काढेल. तसा नाही. नळदुर्गचे माझे एक शिक्षकमित्र माझं ऐकून त्यांची गिटार घेऊन आले. एका प्रदर्शनात बावीसशेला घेतलेली. खुंट्यांजवळ नाही, आत नाही, ट्रस रॉडचं तोंड कुठंच सापडेना. सळीच नव्हती. मान धनुष्यासारखी, आणि ती मागं खेचायला काही साधन नाही. मग शिंप्याच्या टेपनं नटपासून बारावा फ्रेट मोजला, ३२५ मिलिमीटर. बाराव्यापासून सॅडल, ३२१. ही दोन अंतरं सारखी हवीत, किंबहुना सॅडलच्या बाजूचं दोन-तीन मिलिमीटर जास्त हवं, दाबल्यामुळे चढणारा सूर खाली आणायला. इथं ते कमी होतं. ब्रिज चुकीच्या जागी चिकटवलेला. अशी गिटार जगातल्या कुणीही वाजवली तरी वरच्या फ्रेटवर बेसुरीच लागणार. फ्रेटबोर्ड शिसवी दिसत होता. ओल्या फडक्यानं पुसला तर फडकं काळं झालं. जगभरच्या चांगल्या गिटारींना आपल्याकडची शिसव लावतात, आणि इथं आपल्याच घरात शिसवीचा रंग. मित्र तीन वर्षं रोज सकाळी रियाज करून स्वतःला दोष देत होते. त्यांना मी त्याच आठवड्यात नवी घ्यायला लावली.

म्हणजे फरक असा. ज्या दोषाचं मूळ ताणात, हवेत, झिजेत आहे तो उतरतो. ज्याचं मूळ गिटारच्या घडणीत आहे तो उतरत नाही, किंवा उतरवायला गिटारच्या किमतीहून जास्त लागतात. मान जिथं गिटारच्या धडाला जोडली आहे तो सांधाच कलला असेल, ब्रिजच्या मागच्या कडेखाली पोस्टकार्ड शिरत असेल, फ्रेट झिजून तारेखाली खड्डे पडले असतील, तर पंचवीस हजारांच्या गिटारवर खर्च करावा. चार हजारांच्या गिटारवर नाही.

आणि घ्यायचीच ठरली तर किमतीबरोबर काय बदलतं ते पाहावं. तीन-चार हजारांत बहुधा वर सांगितलेलं नशीब आजमावणं असतं. आठ ते बारा हजारांत यामाहाच्या एफ २८० किंवा एफ ३१० सारख्या गिटारी येतात. सरळ मान, ट्रस रॉड, फ्रेट जागच्या जागी. हौशी वादकासाठी खरी उडी इथंच आहे. वीस हजारांच्या पुढं वरचा तक्ता एकसंध लाकडाचा येतो, त्याला सॉलिड टॉप म्हणतात. स्वस्त गिटारचा तक्ता प्लायचा. ओळखायची खूण सोपी आहे. मधल्या गोल भोकाच्या कडेला टॉर्च लावून पाहा. वरच्या रेघा कडेवरून तशाच खाली उतरत असतील तर एकसंध, कडेला पापडासारखे थर दिसले तर प्लाय. एकसंध तक्ता जास्त मोकळा थरथरतो आणि वर्षागणिक आवाज खुलतो असं वादक सांगतात.

पण तो बावीस हजारांचा मोह माझ्या मनातून गेला तो पैशांमुळे नाही, आमच्या हवेमुळे. लाकूड हवेतली ओल पितं आणि सोडतं, आणि रेघांच्या आडव्या दिशेनं फुगतं-आकसतं. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं पारा चाळीसच्या वर जातो आणि दुपारी हवेत पंचवीस टक्केसुद्धा ओल नसते. पत्र्याच्या खोलीत तर विचारू नका. श्रावणात तीच ऐंशीच्या वर. एकसंध तक्त्याला ही ओढाताण सोसवत नाही, तो रेघेवर तडकतो. प्लायचे थर एकमेकांवर आडवे चिकटवलेले असल्यामुळे एकमेकांना धरून ठेवतात. जो प्लाय दुकानदार हलका म्हणून सांगतो, तो मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गुण ठरतो. सॉलिड टॉप घेतली तर तिची मे महिन्यातली सरबराई करायची तयारी हवी. मी माझ्या प्लायवालीचीही थोडी करतो. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, पिळलेला स्पंज घालून ती गिटारच्या पिशवीत ठेवायची, आठवड्यातून दोनदा भिजवायची. फ्रेटबोर्ड आकसून फ्रेटची टोकं तळव्याला टोचायला लागली की समजायचं, डबी कोरडी पडली. कूलरसमोर गिटार ठेवू नये आणि उन्हातल्या बंद गाडीत तर मुळीच नाही, तिथल्या भट्टीत ब्रिजखालचा गोंद मऊ पडतो.

गिटार चांगली असूनही नवी घ्यावी असं एक कारण मला पटतं. अंग. दुकानात बहुतेक गिटारी ड्रेडनॉट आकाराच्या असतात. ब्रिटिशांच्या युद्धनौकेवरून पडलेलं हे नाव. मार्टिन कंपनीनं १९१६ साली हा आकार बनवला तो मोठ्या आवाजासाठी. आपल्याला दहा बाय दहाच्या खोलीत वाजवायचं असतं. बुटक्या माणसाचा उजवा खांदा या आकारावर कायम उचललेला राहतो, तासाभरात मान धरते. त्यानं आकारानं लहान गिटार घ्यावी, ती चैन नव्हे. वय झालेल्या किंवा मधुमेहामुळे बोटं नाजूक झालेल्या माणसानं नायलॉन तारांची क्लासिकल गिटार पाहावी, तिचा ताण लोखंडीच्या निम्म्याच्या थोडा वरच असतो. फक्त तिच्यावर पुढं कधी लोखंडी तारा चढवू नयेत, ती पुढून फाटते.

बाकी कारणं बहुधा मनाची असतात. ती खोटी नसतात. नवी वस्तू आली की माणूस महिनाभर जास्त वाजवतो, हे मी स्वतःवर पाहिलंय. पण महिनाभरच. सेटअप झाल्यावर मी भिंतीवरच्या कालनिर्णयात ज्या दिवशी वीस मिनिटं वाजवलं त्या दिवसाच्या चौकोनात टिंब काढायला लागलो. आधीच्या तीन महिन्यांची टिंबं आठवून काढली तर पंधराच्या वर जाईनात. पुढच्या तीन महिन्यांत एक्केचाळीस झाली, परीक्षांचे पेपर तपासायचे दिवस धरून. त्यातही तीच चार गाणी, त्याच पाच कॉर्ड. तुळजापूरच्या वाटेवरचं गाव आमचं, इथं गोंधळ्याचं तुणतुणं एका तारेवर रात्र काढतं आणि संबळासोबत ते एकदाही तोकडं वाटत नाही. माझं तेच तुणतुणं सहा तारांवर चाललंय, हे त्या चौकोनांकडं पाहताना कळलं. वर्षअखेर टिंबं दोनशे भरली तर बावीस हजारांचा विचार परत काढायचा असं बायकोशी ठरलंय. ती कॅलेंडर मोजून घेणार आहे.

मित्राची ती बावीसशेची गिटार मात्र फेकली नाही. हवाईयन गिटार हे नाव जुन्या रेडिओवाल्यांना आठवत असेल. मांडीवर आडवी ठेवायची आणि फ्रेट न दाबता तारांवरून लोखंडी नळी सरकवायची. ब्रिजभूषण काब्रांनी अशा गिटारवर हिंदुस्थानी राग वाजवले, शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका १९६७ची. पुढं विश्वमोहन भट्टांना त्यांच्या मोहनवीणेनं १९९४ साली ग्रॅमी मिळवून दिलं. या वादनाला तारा उंचच लागतात, नाहीतर नळी फ्रेटवर आपटते. आणि फ्रेट दाबायचेच नसतात, त्यामुळे ते चुकीच्या जागी असले काय आणि नसले काय. मान वाकलेली, माप चुकलेलं, ॲक्शन पाच मिलिमीटर. जे जे दोष होते ते सगळे इथं हवेच होते. ब्रिज तेवढा घट्ट होता, तारा जरा ढिल्या सुरात लावल्या.

नळी गॅरेजमधून आली, मोटारसायकलच्या पिस्टनची जुनी पिन. आतून पोकळ, बाहेरून आरशासारखी घासलेली, हाताला जड. रॉकेलनं धुऊन घेतली. मित्रांनी पहिल्यांदा ती तारेवर ठेवली तेव्हा किंचाळल्यासारखा आवाज आला. पाचव्या-सहाव्या दिवशी भूपातला एक आलाप निघाला, मींडेसकट, आणि ग ते प जाताना नळी जिथं थांबली तिथं फ्रेट नव्हता, जरा बाजूला होता. सूर बरोबर होता.

त्यांच्याकडं आता दोन गिटारी आहेत. मी चिडवलं तर म्हणाले, आपल्या खंडोबाला अणदूर आणि नळदुर्ग अशी दोन घरं चालतात, मला दोन गिटारी का नकोत. नवी एफ २८० शाळेच्या स्नेहसंमेलनाला बाहेर निघते. संध्याकाळी गेलं तर मांडीवर जुनीच असते.